आधी गोदी, मग जहाज: मुंबईच्या किनाऱ्यावरच्या संग्रहालयाविषयी खुलं पत्र

प्रति,
मुंबईच्या किनाऱ्यावर जुनं जहाज आणून संग्रहालय करण्याचा प्रस्ताव ज्यांच्या टेबलावर आहे किंवा उद्या येईल, ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी

विषय: जहाज मागण्याआधी ते कुठे टेकवायचं हे ठरवण्याबाबत

महोदय, महोदया,

नौदलातली एखादी मोठी नौका निवृत्त झाली की तिचं संग्रहालय करा, अशी मागणी उठते. सुरुवातीला सगळेच बाजूने असतात. विक्रांत ही जुनी विमानवाहू नौका 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली. 2001 पासून ती संग्रहालय म्हणून राहिली, 2012 मध्ये सुरक्षेच्या कारणावरून लोकांसाठी बंद झाली, 2014 मध्ये सुमारे 60 कोटींना विकली गेली आणि मुंबईतच दारूखान्यात, म्हणजे जहाजं तोडायच्या जागी, तुटली. आज तिच्या धातूतून घडवलेलं एक स्मारक लायन गेटजवळ उभं आहे. विराट ही दुसरी विमानवाहू नौका 2017 मध्ये निवृत्त झाली. 2018 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ तिचं संग्रहालय करायच्या 852 कोटींच्या योजनेला मंजुरीही दिली. 2020 मध्ये ती तुटायला गुजरातेतल्या अलंगला गेली.

दोन्ही वेळा बोलणं झालं ते अभिमानाचं आणि किमतीचं. भाषणांत कान्होजी आंग्रे येतात, पण अंदाजपत्रकात तळाच्या रंगकामाचा खर्च येत नाही. म्हणून हे पत्र. म्हणणं एवढंच आहे की जहाज कुठलं आणायचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न ते पाण्यात ठेवणार, गोदीत (म्हणजे पाणी काढून कोरड्या करता येणाऱ्या हौदात) ठेवणार की जमिनीवर, हा आहे. त्याचं उत्तर नसेल तर जहाज मागूच नये.

पाण्यापासून सुरुवात करू. उघडं पोलाद समुद्राच्या पाण्यात वर्षाला सरासरी 0.1 ते 0.15 मिलिमीटर झिजतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण झीज सगळीकडे सारखी नसते, खड्डे पडत जातात, आणि एका खड्ड्याने पत्रा आरपार गेला की बाकीचा पत्रा किती जाड आहे याला अर्थ राहत नाही. सर्वांत वाईट अवस्था असते पाणरेषेच्या आसपासच्या पट्ट्याची. तिथे पत्रा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो, आणि त्याला हवा आणि मीठ दोन्ही भरपूर मिळतं. पाण्याखालच्या भागाला झिंकचे ठोकळे लावून वाचवता येतं, कारण पोलादाऐवजी झिंक झिजतं. मात्र झिंक काम करतं ते पाण्यात बुडलेलं असतानाच. वरच्या पट्ट्याला रंगाशिवाय वाली नाही. तो रंग नीट बसवायचा तर पत्रा आधी ब्लास्टिंगने, म्हणजे जोराने बारीक कण मारून, पांढरा करावा लागतो, आणि पाण्यात तरंगणाऱ्या जहाजावर ते काम धड होत नाही.

बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या जहाजावर विश्वास ठेवू नये. जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजायची, तीही चार ठिकाणी नव्हे, चौकटी आखून शेकडो ठिकाणी. मूळ जाडीचा पाव भाग गेला की व्यापारी जहाजाचा पत्रा साधारणपणे बदलायला घेतात. जुने कारागीर हातोडीने ठोकून सांगतात. चांगला पत्रा खणकन वाजतो, कुजलेल्याचा आवाज थप्प येतो. मात्र ही हातोडी गोदीत चालवायची. तरंगत्या जहाजाच्या पाणरेषेखाली जुन्या पत्र्यावर हातोडी मारणं म्हणजे भोक पाडून ते बुजवायला धावणं.

अमेरिकेतली टेक्सास ही 1914 पासूनची युद्धनौका 1948 मध्ये संग्रहालय झाली. 1988 ते 1990 दरम्यान ती गोदीत होती. त्यानंतर थेट 2022 मध्ये गेली. मधली 32 वर्षं पंपांवर निघाली. शेवटी राज्याला तिजोरी उघडावी लागली आणि 700 टनांहून जास्त पोलाद बदलावं लागलं. फिलाडेल्फियातली ऑलिम्पिया ही जुनी युद्धनौका तर 1945 नंतर गोदीतच गेलेली नाही. गोड्या पाण्यात असलं म्हणजे सुटलो, असंही नाही. बफेलो शहरात नदीकाठी उभी असलेली द सलिव्हन्स ही 1943 ची विनाशिका एप्रिल 2022 मध्ये तळाच्या पत्र्याने दगा दिल्यामुळे एका बाजूला कलून धक्क्यालाच अर्धीमुर्धी बुडाली.

आता हेच आपल्या बंदरात मांडून पाहा. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाणी चारेक मीटर चढतं आणि उतरतं, भांगाच्या दिवसांत बरंच कमी. धक्क्याला बांधलेलं जहाज दिवसातून दोनदा वर-खाली होणार. म्हणजे दोर सैल-घट्ट करायला रात्रपाळीलाही माणूस हवा. शिवाय लोकांना चढायला गँगवे हवा. चार मीटरचा फरक 12 मीटर लांबीच्या गँगवेने भरून काढायचा म्हटलं तर उतार एकास तीन पडतो. त्यावरून आजी जाणार नाही आणि शाळेची रांगही नाही. चाकाच्या खुर्चीला एकास बाराचा उतार लागतो. म्हणजे गँगवे 48 मीटरचा झाला! त्याला उपाय आहे: मध्ये तरता तराफा, त्याच्या दोन्ही बाजूंना बिजागरीवर हलणारे पूल. हा तराफाही पोलादी, त्यालाही झिंक, त्यालाही गोदी. लंडनला थेम्समध्ये असलेल्या बेलफास्ट या युद्धनौकेचा गँगवे नोव्हेंबर 2011 मध्ये काम चालू असताना कोसळला. दोन कामगार किरकोळ जखमी झाले, पण संग्रहालय पुढच्या मे महिन्यापर्यंत बंद राहिलं.

मुंबईच्या पाण्याचा दुसरा गुण म्हणजे गाळ. एका जागी वर्षानुवर्षं उभं राहिलेलं जहाज हळूहळू गाळात बसतं. लोकांना वाटतं बरं झालं, स्थिर झालं. पण गाळात प्राणवायू नसला तरी पोलाद खाणारे जिवाणू असतात. त्यात जहाजाचा तळ पाणबुड्याला दिसेनासा होतो. न्यूयॉर्कच्या इंट्रेपिड या विमानवाहू नौकेला 6 नोव्हेंबर 2006 रोजी दुरुस्तीसाठी ओढायला घेतलं, तर थोडी सरकून ती अडकली. 24 वर्षांच्या गाळात तिला ढकलणारे पंखे (प्रोपेलर) रुतले होते. गाळ उपसायला महिना गेला आणि ती 5 डिसेंबरला सुटली.

पावसाचा विचार तर कुणीच करत नाही. कुलाब्याला पावसाळ्यात साधारण दोन मीटर पाऊस पडतो. 200 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद डेक धरला तर 5000 चौरस मीटर झाले. म्हणजे चार महिन्यांत डेकवर पडलं 10,000 टन पाणी. चालू जहाजावर ते कडेच्या मोऱ्यांतून, जहाजावरच्या भाषेत स्कपरमधून, समुद्रात जातं. संग्रहालयाच्या जहाजावर त्या मोऱ्यांत कबुतरांची पिसं, वेफर्सची पाकिटं आणि सुटलेल्या रंगाचे पापुद्रे बसतात. मोरीचा नळ आतून सडलेला असला तर पाणी समुद्रात न जाता पोटात उतरतं. तिथे ते एका कप्प्यात साचलं तरी एक वेळ चालेल, पण दारं उघडी असली आणि ते या बाजूकडून त्या बाजूला वाहायला लागलं की जहाजाचा तोल जातो. एंजिनं, दारूगोळा, इंधन काढून घेतलेलं जहाज आधीच हलकं आणि उंच तरंगत असतं. त्याचा वाऱ्याला अडणारा भाग वाढलेला असतो. त्यामुळे किती वजन कुठल्या टाकीत भरायचं याचं गणित नौकाशास्त्रज्ञाने नव्याने करायचं असतं. सेवेतल्या काळातला जुना तक्ता इथे उपयोगाचा नाही.

आणखी एक चोर सांगून पाण्याचा विषय संपवतो. जहाजाला दिवे-पंख्यांसाठी किनाऱ्यावरून वीज दिली जाते. त्या जोडणीत जहाज आणि धक्का यांच्यामध्ये विलगीकरण ट्रान्सफॉर्मर, म्हणजे दोन्हीकडच्या तारांचा थेट संबंध तोडणारं यंत्र, नसेल तर भटका प्रवाह तळाच्या पत्र्यातून पाण्यात उतरतो आणि दोन-तीन वर्षं पुरणारं झिंक काही महिन्यांत संपतं. त्यानंतर पत्र्याची पाळी. असल्या वेळी दोष रंगाच्या ठेकेदारावर जातो.

तरीही तरंगतंच जहाज हवं असेल, तर दर पाच वर्षांनी सुकी गोदी हवी आणि त्या गोदीची तारीख जहाज घेण्याआधीच लेखी हातात हवी. मुंबईत इंदिरा गोदीला लागून 1914 ची ह्यूजेस सुकी गोदी आहे, सुमारे 305 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद. ती कमावती गोदी आहे. भाडं भरणाऱ्या चालू जहाजांच्या रांगेत संग्रहालयाचं जहाज नेहमी शेवटी ढकललं जाणार, हे गृहीत धरूनच करार करा. विमानवाहू नौका कुठल्या गोदीत मावेल, हा प्रश्न तर त्याहून वेगळा.

आमचं मत सरळ आहे. मुंबईत मोठी नौका तरंगत ठेवू नये. लहान आणावी आणि कोरडी ठेवावी.

याचं चालतं उदाहरण विशाखापट्टणमला समुद्रकाठच्या रस्त्यावर आहे. कुरसुरा ही पाणबुडी 18 डिसेंबर 1969 रोजी नौदलात आली आणि फेब्रुवारी 2001 मध्ये निवृत्त झाली. 91 मीटर लांबीचं, सुमारे 1950 टनांचं हे धूड किनाऱ्यावर ओढून काँक्रीटच्या बैठकीवर बसवलं आणि ऑगस्ट 2002 मध्ये लोकांसाठी उघडलं. खारा वारा तिलाही सोडत नाही, गंज काढावाच लागतो. पण तिच्या तळाखाली उभं राहून माणूस दुरुस्ती करू शकतो, आणि फरक इथेच पडतो. एका टोकाने चढायचं, दुसऱ्या टोकाने उतरायचं. माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक. समोरच रस्त्यापलीकडे 2017 पासून टीयू-142 हे टेहळणी विमान आहे. म्हणजे दोन-तीन तासांचा ऐवज एका जागी. आपल्याला आणखी जवळचं हवं असेल तर कारवारच्या किनाऱ्यावर चपल ही क्षेपणास्त्र नौका आहे. ती 39 मीटरही भरत नाही, पण जमिनीवर आहे.

दुसरा मार्ग दारं असलेल्या गोदीचा. ब्रिस्टलचं एसएस ग्रेट ब्रिटन हे लोखंडी जहाज 1843 मध्ये ज्या गोदीत बांधलं, तिथेच आज आहे. हेच जहाज 1857 मध्ये ब्रिटिश फौज घेऊन मुंबईलाही आलं होतं. त्याच्या लोखंडात मीठ इतकं मुरलं होतं की कोरड्या गोदीतही गंज थांबेना. मग 2005 मध्ये पाणरेषेच्या उंचीवर काचेचं छत घातलं. वर पाण्याचा पातळ थर, खाली यंत्रांनी कोरडी केलेली हवा, आर्द्रता सुमारे 20 टक्के. मीठ लोखंडातच आहे, पण हवेत ओलावा नसल्यामुळे ते गंज चढवू शकत नाही. मुंबईत जुलैत ही आर्द्रता राखायचं वीजबिल डोळे पांढरे करील. तेव्हा नक्कल नको, पण कारण समजून घ्यावं: पाण्याबाहेर काढलं म्हणजे गंज थांबला असं होत नाही, मीठ धुवावं लागतं. ब्लास्टिंगआधी गोड्या पाण्याने जोराच्या दाबाने धुणं आणि पत्र्यावर मीठ किती राहिलं ते तपासणं, या दोन ओळी निविदेत नसतील तर रंग दोन पावसाळेही टिकणार नाही.

आणि जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईत बांधलेली ट्रिंकोमाली? 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती इथल्या गोदीतून पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि 200 वर्षांनंतरही तरंगते आहे. सागवानाचं तेल लोखंडी खिळ्याला सांभाळतं, उलट ओकच्या लाकडातलं आम्ल खिळे खातं. त्यामुळे मलबारचा साग वापरणाऱ्या मुंबईच्या जहाजांना मागणी होती. आपल्याकडे बांधलेलं जहाज बघायला आपल्याला हार्टलपूलला जावं लागतं, हे जरा लागतंच. पण तिलाही 1990 ते 2001 अशी 11 वर्षं दुरुस्ती लागली, आणि आज ती उभी आहे ती जुन्या गोदीच्या बंदिस्त, संथ पाण्यात. आपल्या भरती-ओहोटीसमोर नव्हे.

आता येणाऱ्या माणसाच्या दिवसाबद्दल. नुसतं एक जहाज बघायला लोक एकदाच येतात. बाल्टिमोरच्या बंदरकाठी 1854 ची कॉन्स्टेलेशन ही शिडाची युद्धनौका, टॉर्स्क पाणबुडी, 1930 चं चेसापीक दीपजहाज (म्हणजे तरतं दीपगृह), तटरक्षक दलाची 1930च्या दशकातली नौका आणि जागेवरून उचलून आणलेलं एक दीपगृह, असं सगळं चालण्याच्या अंतरात आहे आणि कारभार एकाच संस्थेकडे. माणूस सकाळी तोफा बघतो, दुपारी पाणबुडीत वाकून फिरतो. मुंबईत बॅलार्ड पिअर, गेटवे, ससून गोदी आणि भाऊचा धक्का ही साखळी आयतीच आहे. लहान नौका नागरी हद्दीत, सीएसएमटीहून चालत पोचता येईल अशा जागी हवी. विक्रांतसारखं नौदलाच्या हद्दीत ठेवलं की दर माणसामागे सुरक्षा तपासणी आली, आणि मग ते वर्षातले मोजके दिवसच उघडतं.

गर्दीचं गणितही आधीच करावं. पाणबुडी किंवा छोट्या नौकेत 20 जणांचा एक गट, दर 10 मिनिटांनी एक, म्हणजे तासाला 120 आणि आठ तासांत 960. पुढचा गट अडखळला की मागचे सगळे अडकतात, म्हणून प्रत्यक्षात 700 धरा. तिकीट 100 रुपये ठेवलं तरी भर सुट्टीतल्या दिवसाचे 70,000. मंगळवारी दुपारी 60 लोक येतील. या पैशांतून पगार, वीज आणि रोजची डागडुजी कशीबशी निघते, गोदी निघत नाही. गोदीचा खर्च वेगळ्या ठेवीत हवा, आणि त्या ठेवीला हात लावायचा अधिकार कुणालाही नसावा. पुढच्या गोदीचा अंदाज भागिले पाच, एवढी रक्कम दरवर्षी वीजबिलाच्या आधी बाजूला पडली पाहिजे.

जहाजाची शिडी घराच्या जिन्यासारखी नसते. ती साठ-सत्तर अंशांत उभी असते, उतरताना तोंड शिडीकडे करावं लागतं, आणि दाराला फूट-दीड फुटाचा लोखंडी उंबरठा असतो. नऊवारी असो की सहावारी, साडी आणि चप्पल घालून ते जमत नाही. मधल्या सुट्टीतून सुटल्यासारखी पोरं धावतात आणि गुडघे फुटतात. म्हणून मुख्य फेरी एका मजल्यावरच ठेवा, मूळ शिड्या जागेवर राहू द्या पण बंद, आणि बाजूने रुंद पायऱ्या करा. पत्रा कापायचा तर मूळ जोडणी कुठे होती याची नोंद ठेवून कापा. ज्यांना आत जाता येणार नाही त्यांना बाहेर पडद्यावर आतलं सगळं दाखवा, तिकीट अर्धं. मे महिन्यात दुपारी पोलादी डेकवर हात टेकवत नाही. कापडी छत आणि लाकडी फळ्या पहिल्या दिवसापासून हव्यात, पहिला माणूस चक्कर येऊन पडल्यावर नव्हे.

न दाखवायच्या कप्प्यांना कुलूप लावणं पुरेसं नाही. बंद टाकीत गंज चढताना तो हवेतला प्राणवायू खातो. माणूस आत उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही. हवेत प्राणवायू 20.9 टक्के असतो. मीटरवर 19.5 च्या खाली आकडा दिसला तर कुणीही उतरायचं नाही, आणि मीटर नसेल तरही उतरायचं नाही. हे सफाईच्या ठेकेदाराच्या माणसांना मराठीत आणि हिंदीत, तोंडी सांगायचं.

जुन्या नौकांत पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस असतं आणि रंगाच्या खालच्या थरात शेंदूर, म्हणजे शिसं. खरवडताना धूळ उडवायची नाही. वेल्डिंग आणि यंत्रं रात्री चालू ठेवायची नाहीत. लंडनच्या कटी सार्कला 21 मे 2007 रोजी पहाटे लागलेली आग दुरुस्तीच्या जागी शनिवार-रविवार चालू राहिलेल्या मोठ्या व्हॅक्युम क्लीनरमुळे लागली, असं चौकशीत निघालं. 1869 चं ते जहाज 2012 मध्येच पुन्हा उघडू शकलं.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर जहाजाचं चित्र छापू नका. तिथे तीन कागद लावा: जागेचा मातीचा आणि गाळाचा अहवाल, पत्र्याच्या जाडीचा चौकटीनिहाय तक्ता, आणि पाच वर्षांच्या गोदीखर्चाच्या ठेवीची बँकेची पावती. तिसरा कागद नसेल तर पहिले दोन वाचायची गरज नाही.

आपले,
जहाजदुरुस्तीच्या कामातले काही नागरिक

ता. क. फलक लिहिताना कुणाला तरी तारखा तपासायला बसवा. कारवारची चपल 1971 च्या कराची हल्ल्यात होती, असं सांगणारे मजकूर फिरत असतात. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर. चपल नौदलात आलीच 1976 मध्ये.